पार्वतीची तयारी

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार. चारांतली पहिली मेणबत्ती लागली. पाळकसाहेबांनी प्रभूच्या येण्याच्या तयारीवर उपदेश केला, म्हणजे आठ मिनिटं केला, आणि पुढची वीस मिनिटं घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या कॅरल पार्टीच्या टी-शर्टांवर चर्चा झाली. लाल की मरून. चांगले शिकलेसवरलेले लोक हात वर करून मत देत होते. प्रभू आज आलाच असता तर त्याला आम्ही लाल-मरूनची मतं मोजताना सापडलो असतो. बाहेर आल्यावर मी सेक्रेटरी वसंतरावांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "सिस्टर, तुमाले प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." दिसते. अडतीस वर्षं वॉर्ड सांभाळला आहे. चादरीचा कोपरा सुटलेला असला तरी दिसतो.

२१ तारखेला महिला मंडळात मला प्रभूच्या येण्याची तयारी ह्याच विषयावर बोलायचं आहे. दुपारी मुद्दे काढायला बसले, तेवढ्यात कन्हानहून मेघाचा फोन आला.

पार्वती शुक्रवारी डायलिसिसला आली नव्हती. मला वाटलं, भावाकडे काही कार्यक्रम असेल, पाळी शनिवारी बदलून घेतली असेल. मेघा तिच्या भावाची मुलगी, तिच्यासोबतच राहते. म्हणाली, "मावशी, आत्या म्हणते का आता मशीनवर नाही जात. प्रभू येऊन राहिला, मी तयार आहो, म्हणते. त्यायच्या प्रार्थनाघरात तो पास्टर अंकुश आहे ना, तो महिनाभर हेच सांगून राहिला."

मी हातातला पेन टेबलावर आपटला. रागानं.

पार्वती आमच्या मिशन दवाखान्यात तीस वर्षं आया होती. मी इन्चार्ज सिस्टर, ती माझा उजवा हात. चार वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी नागपुरात धंतोलीतल्या सेंटरवर मशीन, आणि मशीन झालं की माझ्या घरी. माझ्याकडे सूप पिते, झोपते, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं कन्हानला जाते. तिचं पथ्य मी लिहिते, पाणी मी मोजून देते, गोळ्यांच्या डब्या मी भरते. चार वर्षांत एक पाळी चुकू दिली नाही. आणि आता कोण कुठला पास्टर येऊन तिला सांगतो की देव येतो आहे, मशीन सोड!

१ डिसेंबर, सोमवार

पार्वतीशी फोनवर बोलले. म्हणजे मी बोलले.

"उद्या साडेआठची पाळी आहे. सातच्या बसमधे बस. ऐकून राहिली ना?"

"ऐकून राहिली, सिस्टर."

"मग?"

"मी नाही येत जी. मी तयार आहो आता."

"तयार म्हणजे काय वं? दोन पाळ्या चुकल्या तर अंगात पाणी भरते, तुले माहीत नाही का? तीस वर्षं काय पाहिलं तू वॉर्डात?"

मग म्हणाली, "तेच पाहिलं."

ह्याला काय अर्थ आहे? तो पास्टर जे पढवतो तेच बोलते. मी उद्या सेंटरवर जाऊन बसणार. आली नाही तर बघते.

२ डिसेंबर, मंगळवार

आली नाही.

आठ वाजल्यापासून बसले होते. पावणेनऊला तिथल्या टेक्निशियननं तिची खुर्ची काटोलच्या एका माणसाला दिली. मी उभी राहिले, म्हटलं ही पार्वतीबाईची पाळी आहे, कुणी बसायचं नाही. तो म्हणाला, "मॅडम, पेशंट कुठाय?" मी म्हटलं, रस्त्यात आहे. खोटं बोलले. काटोलचा माणूस बिचारा चपला हातात घेऊन उभा, पाय सुजून मडक्यासारखे झालेले. शेवटी मीच म्हटलं, बसा. पण टेक्निशियनला सुनावलं की जरा सबुरी ठेवत जा.

घरी येऊन तक्रारीचा कागद लिहायला घेतला. अंकुश नावाचा इसम, कन्हान येथे प्रार्थनाघर चालवतो, आजारी स्त्रीला प्रभूच्या आगमनाची भीती घालून उपचार सोडायला लावतो. ठाण्यात देऊ की जिल्ह्याच्या ख्रिस्ती परिषदेला, ते ठरलं नाही. आधी त्याला समोरासमोर बघते. सूप करून ठेवलं होतं, फेकून दिलं.

४ डिसेंबर, गुरुवार

कन्हानला जाऊन आले. सगळं क्रमानं लिहिते.

प्रार्थनाघर म्हणजे टिनाचं छत असलेली एक खोली. अंकुश पस्तिशीचा असेल. खाणीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं काम करतो आणि उरल्या वेळात पास्टर. मी दारातच सुरू झाले. त्याला ढोंगी म्हटलं, खुनी म्हटलं. तक्रारीचा कागद त्याच्यापुढे धरला. त्यानं तो अख्खा वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"सिस्टर, प्रभू येणार हे मी सांगतलं. थे तर तुमचेही पास्टर सांगत असतीन. पण मशीन सोडा असं मी काहून म्हणू? मी तं म्हणतो, प्रभू येईन तेव्हा आपण आपल्या कामावर सापडलो पाहिजे. औषध घेणं हे बी कामच आहे."

"मग ती का येत नाही?"

"मी दोनदा गाडी घेऊन त्यायच्या दारात उभा राहिलो. शुक्रवारी तं पाया पडलो. त्या म्हणाल्या, बेटा, ऊठ, तुह्या पँटीले माती लागली."

मी विश्वास ठेवला नाही. तसंच पार्वतीच्या घरी गेले. ती अंगणात खाटेवर ऊन खात बसली होती. चेहरा सुजलेला, पण केस नीट विंचरलेले. मला बघून हसली. मी विचारलं, हे पास्टरचं सांगणं आहे का. म्हणाली, "नाही जी. थो तं लेकरू आहे, त्याले काहून बोलता? मीच ठरवलं."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुमाले तीन डाव सांगतलं, सिस्टर."

तीन वेळा म्हणे! कधी? तर एकदा दसऱ्याच्या आसपास माझा जिना चढताना म्हणाली होती, आता होत नाही. मी म्हटलं होतं, कठड्याला धर. एकदा खुर्चीत बीपी घसरून बेशुद्ध झाली, शुद्धीवर आल्यावर म्हणाली होती, आता पुरे. मी म्हटलं होतं, बोलू नको, झोप. आणि एकदा जेवताना म्हणाली होती, सिस्टर, एक विचारू का? मी म्हटलं, आधी सूप संपव. हे काय सांगणं झालं? थकलेलं माणूस दिवसातून दहा वेळा पुरे म्हणतं. त्यावरून कुणी समजायचं की ते मरायचं ठरवत आहे?

मी तिला म्हटलं, ही आत्महत्या आहे, देवाच्या दारात उत्तर द्यावं लागेल. मेघा मध्ये पडली, "मावशी, हळू बोला." मेघाचं घर बौद्ध. पार्वतीनं तरुणपणी बाप्तिस्मा घेतला तेव्हाही ते तिला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि आताही मशीनसाठी रडून झाल्यावर गप्प बसले आहेत. मला त्या गप्प बसण्याचाही राग आला.

पार्वती बसस्टॉपपर्यंत सोडायला येते म्हणाली आणि दोन पावलांत धापा टाकत परत बसली.

७ डिसेंबर, रविवार

दुसरी मेणबत्ती. उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना पार्वतीसाठी प्रार्थना मागितली. वसंतराव शेजारीच उभे होते. म्हणाले, "कठीण आहे सिस्टर. एक तर दोन वर्षांपासून बाईचं नाव आपल्या मंडळीच्या यादीत नाही, ती त्या कन्हानवाल्यांकडे जाते. आणि उपचार स्वतः सोडला म्हणजे ते आत्महत्येतच धरतील. उद्या दफनाचा प्रश्न आला तर कमिटीले विचार करावा लागेल."

जिवंत बाईच्या दफनाचा विचार! ती अजून ऊन खात बसली आहे आणि ह्यांनी तिला कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभं केलं! मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. कॅरलवाली मुलं गिटार थांबवून बघत राहिली. ज्या बाईनं ह्या मंडळीतल्या निम्म्या लोकांच्या आयांची बाळंतपणं काढली, वसंतरावांच्या स्वतःच्या आईचे बेडसोर तीन महिने धुतले, तिला कमिटी न्याय देणार! पाळकसाहेब खाली बघत राहिले. त्यांची मान वर येण्याची मी वाट पाहिली. आली नाही.

आत्महत्या हा शब्द गुरुवारी मीही वापरला होता. पण मी रागात वापरला होता. वसंतरावांनी शांतपणे वापरला.

८ डिसेंबर, सोमवार

पार्वतीच्या डॉक्टरांकडे गेले. तिला परत कसं आणायचं ते विचारायला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सिस्टर, ऑक्टोबरमध्ये मी तुम्हाला सांगितलं होतं. तिचं हृदय फार थकलं आहे. मशीन आता तिला देतं त्यापेक्षा जास्त घेतं. थांबायचं की चालू ठेवायचं हे तिला विचारा, असं मी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, तिच्यासमोर हा विषय नको."

हो. म्हटलं होतं. इथं ते लिहिलं नव्हतं. ऑक्टोबरची पानं उलटून पाहिली. त्या दिवशी मी लिहिलं आहे, 'डॉक्टर पूर्वीसारखे राहिले नाहीत, लवकर हात टेकतात.' बस एवढंच.

पण पेशंटची उमेद टिकवायची असते! अडतीस वर्षं मी हेच शिकवलं मुलींना. डॉक्टरांना हे म्हटलं. ते म्हणाले, "ती त्या दिवशी पडद्याच्या पलीकडेच होती."

श्वासासाठी आणि अंगाच्या खाजेसाठी त्यांनी औषधं लिहून दिली. फार त्रास झाला तर कुणाला फोन करायचा तेही लिहून दिलं. उद्या कन्हानला जाते, राहायलाच. मी माफ केलेलं नाही, कुणालाच. पण तिची पाठ कुणी तरी नीट पुसून द्यायला हवी.

१० डिसेंबर, बुधवार, कन्हान

तिला संत्रं हवं आहे.

चार वर्षं मी तिला संत्र्याच्या टोपलीकडे बघू दिलं नाही. ह्या आजारात संत्रं म्हणजे हृदयाला विष, हे नर्सला सांगावं लागत नाही. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "सिस्टर, मी नागपुरात जन्मली, नागपुरात म्हातारी झाली, अन् चार वर्षांपासून मले संत्र्याचा वासही माहीत नाही. असं कुठी असते काय?"

मेघानं आणलं. मी सोललं, शिरा काढल्या, दोन फोडी वाटीत ठेवल्या. पार्वतीनं वाटीकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तरी मोजू नका जी."

मला इतका राग आला की अख्खं संत्रं वाटीत टाकून मोरीवर गेले आणि उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. परत आले तर तिनं दोनच फोडी खाल्ल्या होत्या. बाकीचं मेघाला देऊन टाकलं. म्हणे, आंबट निघालं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज तिची पाळी असती.

दुपारी तिला उन्हात बसवून पाठ पुसत होते. श्वास आता आखूड झाला आहे, पण बोलते, थांबून थांबून. मी विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं असं ती म्हणाली, मला खात्री नाही.

"पार्वती, तुला भीती वाटते का वं?"

"मशीनवर वाटत होती. की तिथीच जाईन, त्या खुर्चीत, नळ्या लागल्या लागल्या. अन् थो पोरगा टेक्निशियन घाबरून जाईन. आता नाही वाटत. आता प्रभू आला का मी घरी सापडन त्याले."

"आणि मी?"

हे मी कसं विचारलं, कळत नाही. तिनं मान वळवली.

"तेच तं विचाराचं होतं तुमाले. मी गेल्यावर मंगळवारी अन् शुक्रवारी तुमी काय करसान? म्हणून तं आली ना सिस्टर, इतके दिवस. दसऱ्यापासून तं मी फक्त तुमच्यासाठी येत होती."

मी म्हटलं, काहीही बोलू नको. टॉवेल पिळायला उठले. फक्त माझ्यासाठी! म्हणजे मी तिच्यावर उपकार करत होते की ती माझ्यावर? चार-चार तास सुया टोचून घेऊन कुणी कुणाकडे सूप प्यायला येतं का? मूर्ख बाई. मूर्ख, मूर्ख बाई.

"तुमी तयार आहा का?" तिनं मागून विचारलं.

मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग व्हा हळूहळू."

१५ डिसेंबर, सोमवार

पार्वती आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गेली. काल तिसरी मेणबत्ती होती. आम्ही इथंच प्रार्थना केली. अंकुश आला होता, कामाचे कपडे तसेच, बाहीवर ठिणग्यांची भोकं. तिनं त्याला गाणं म्हणायला लावलं आणि मधेच थांबवून सूर सांगितला.

आज सकाळी ती जास्त झोपेत होती. औषधानं त्रास कमी होता. मी नाडी धरून बसले होते. एकदा डोळे उघडून म्हणाली, "कोण आलं?" मेघा म्हणाली, "कोणीच नाही आत्या, आपणच आहो." ती दाराकडे बघून हसली, ओळखीचं माणूस आल्यावर हसतो तशी, आणि पदर सावरायला हात उचलला. तो अर्ध्यातच राहिला. मी तो पदर नीट केला.

मी नर्स आहे. शेवटच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडतो, माणसांना भास होतात, हे मला माहीत आहे. ती कुणाकडे बघून हसली ते मला माहीत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

कमिटी! दोन तास बसली. नाव यादीत नाही, उपचार सोडलेला, कन्हानच्या प्रार्थनाघराला स्वतःची जागा नाही तर त्यांनी दुसरीकडे बघावं, पायंडा पडेल. पायंडा! बाहेर टेम्पोत पार्वती, मेघा तिच्या उशाशी, मेघाच्या वस्तीतली वीस-पंचवीस माणसं उन्हात उभी, त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी पांढरी लुगडी नेसलेली. ती माणसं आमच्या दारात उभी राहून आमची ही दोन तासांची ख्रिस्ती प्रीती बघत होती. लाजेनं माझा जीव गेला.

मी आत गेले. माझ्या आईच्या कबरीशेजारची जागा माझ्या नावावर आहे, सत्तावीस वर्षांपासून. कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, ही जागा माझी आहे, यादीत माझं नाव आहे, आणि मी कुठलाही उपचार सोडलेला नाही. ह्या जागेत पार्वती जाईल.

वसंतराव म्हणाले, "अन् तुमी कुठी जासान, सिस्टर?"

"ते तुमची कमिटी ठरवेल. दोन तास बसा."

पाळकसाहेब तेव्हा उठले. पुस्तक उचललं आणि वसंतरावांना म्हणाले, "फाटक उघडा." एवढंच. इतके दिवस कुठे होतं ते, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. त्यांनी आणि अंकुशनं मिळून दफन केलं. मेघाच्या लोकांनी माती लोटली. वसंतरावही आले. आईची आठवण झाली असेल त्यांना.

१९ डिसेंबर, शुक्रवार

काही केलं नाही. पातेलं काढलं आणि परत ठेवलं.

२१ डिसेंबर, रविवार

चौथी मेणबत्ती. उपासनेनंतर महिला मंडळ. माझे मुद्दे होते नऊ. बायबलमधल्या दहा कुमारींसारखं दिव्यात तेल हवं, झोपू नये, वगैरे. बायका वह्या घेऊन बसल्या होत्या.

मी उभी राहिले आणि मला त्या नऊ मुद्द्यांचा राग आला. म्हटलं, मला तयारीबद्दल काही माहीत नाही. मी एका तयार बाईला तीन महिने दारातून मागे ओढत होते. डॉक्टरांनी तिला सांगायची गोष्ट मी सांगू दिली नाही. तिनं तीन वेळा तोंड उघडलं, मी तीन वेळा बंद केलं. दोष मी एका भल्या पास्टरच्या माथी मारला आणि तक्रारही लिहिली. मला वाटायचं, मी तिला जगवते आहे. मला मंगळवार-शुक्रवार हवे होते.

एवढं बोलून खाली बसले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी आमेन म्हटलं नाही. अध्यक्षबाईंनी घाईघाईनं जाहीर केलं की चहा तयार आहे.

सगळ्या चहाकडे गेल्या. मिनल थांबली, गायनमंडळातली, चाळिशीची. तिचे वडील वीस दिवसांपासून दवाखान्यात आहेत, एवढं मला माहीत होतं. खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, "सिस्टर, बाबा रोज विचारतात, घरी कधी नेतेस. आम्ही सगळे म्हणतो, सोमवारी. तीन सोमवार झाले." मग ती रडायला लागली.

माझ्या तोंडात लगेच तीन सूचना आल्या. रिपोर्ट आण, मी डॉक्टरशी बोलते, रडू नको. तिन्ही गिळल्या. म्हटलं, "सांग."

ती सांगत राहिली. वडिलांबद्दल, त्यांच्या दुकानाबद्दल, भावाबद्दल. बाहेर कॅरलवाल्यांची गाडी लागली, मरून टी-शर्ट घालून मुलं हॉर्न वाजवत होती. त्यांना सगळ्यांत आधी माझ्याच गल्लीत यायचं होतं. वसंतराव दारात येऊन म्हणाले, "सिस्टर, चला, उशीर होऊन राहिला."

मी हात वर करून त्यांना थांबवलं. मिनलचं अजून सांगून झालं नव्हतं.